कच्च्या शिलाईचे दात

मास्तरांच्या समोरच्या दाताला खाच होती. ती पडून-झडून आलेली नव्हती, चांगली कमावलेली होती. उभी हयात कपडे शिवताना दोरा दातानं तोडून तोडून त्यांनी ती घडवली होती. उजव्या हाताशी एक कात्री, डाव्या हाताशी दुसरी, मशीनच्या खणात तिसरी, आणि तरी दोरा तोडायची वेळ आली की मास्तरांची मान आपोआप खाली जायची आणि ‘टक्’ असा आवाज यायचा. खाच इतकी बेतशीर झाली होती की दोरा न बघताही तिच्यात जाऊन बसायचा. दुकानातलं सगळ्यात जुनं हत्यार तेच, आणि त्याला धार लावायचा खर्च शून्य.

गिऱ्हाइकांना ही खाच सहसा दिसत नसे, कारण मास्तरांचं तोंड टाचण्यांनी भरलेलं असे. त्यामुळे बोलणंही ओठाच्या कोपऱ्यातून, मोजून-मापून. “हात वर.” “वळा.” “श्वास सोडा हो, पोट कशाला आत घेताय? पँट तुम्हालाच घालायचीय ना?” एवढ्यात त्यांचं संभाषण संपायचं. हातात कला मात्र अशी, की कुठल्याही बेढब माणसाला सुबक करून बाहेर पाठवत.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच समोर तयार कपड्यांचं दुकान उघडलं. मोठ्ठी काच, आत दिव्यांचा लखलखाट, आणि दारात एक पोरगा. त्याचं नाव मास्तरांनी कधी विचारलं नाही. ते त्याला ‘हसऱ्या’ म्हणत. हा हसऱ्या येणाऱ्याला हसे, जाणाऱ्याला हसे, रस्त्यावरून नुसत्याच चाललेल्या माणसाला हसे, आणि कुणीच नसेल तर काचेतल्या पुतळ्याला हसे. दात तर असे पांढरेशुभ्र की दुपारच्या उन्हात मास्तरांना सुईत दोरा ओवणं अवघड जाई. हळूहळू मास्तरांची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली. “जाऊ देत,” मास्तर म्हणायचे. “उसवलं की येतील रडत.” पण ते म्हणताना त्यांची नजर काही समोरच्या दारावरून हलत नसे.

आणि मग एके दिवशी त्या दारातून वकीलसाहेब बाहेर पडले.

वकीलसाहेबांचे काळे कोट पहिल्यापासून मास्तरच शिवत. एवढं जुनं, एवढं मानाचं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. कोर्टात कुणी कोटाची चौकशी केली की वकीलसाहेब मास्तरांचं नाव सांगत, आणि त्या एका नावावर निम्मं दुकान चालायचं. ते आज हातात समोरच्या दुकानाची भलीमोठी पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होते. त्यांची आणि मास्तरांची नजरानजर झाली. भल्याभल्या न्यायाधीशांपुढे न डगमगणारा तो माणूस चक्क पिशवीआड तोंड लपवून पळाला. मास्तरांच्या हातून टेप गळून पडली आणि तोंडातली एक टाचणी गिळता गिळता राहिली. त्यांना फार वाईट वाटलं. पैशांचं नाही, आपलं माणूस चोरासारखं तोंड लपवून गेलं, याचं.

“तो पोरगा हसतो,” आतल्या खोलीतून काजं करता करता मास्तरीणबाई म्हणाल्या. दुकानाच्या मागच्या अर्ध्या खोलीत त्यांचं राज्य होतं. काज-बटणं, हातशिलाई आणि मास्तरांच्या चुका काढणं ही तीन खाती त्यांच्याकडे होती. “तुम्ही कधी हसता का?”

“हसतो की.”

“कधी?”

मास्तर तोंडातल्या टाचण्या काढून ट्रायलच्या आरशापुढे गेले आणि हसून बघू लागले. तो आरसा तीन बाजूंचा होता. तीन मास्तर हसले, तीन खाचा दिसल्या. एक खाच चालवून घेतली असती, पण तीन काही बघवेनात.

“वकीलसाहेबांना परत आणायचं,” आरशाला पाठ करून ते म्हणाले. “त्यासाठी लागतील ते दात लावायचे.”

दातांची डॉक्टरीण वयानं लहान होती, आणि पहिल्या वाक्यापासून ‘काका’ म्हणत असल्यामुळे मास्तर जरा सावध झाले. त्यांच्या धंद्यात नातं जोडलं की पाठोपाठ वाढीव भाव येतो. तिनं आरसा घालून दात पाहिला आणि म्हणाली, “काका, ही खाच तेवढी भरून काढू. दाताच्याच रंगाचं मिश्रण लावायचं. एका बैठकीत काम होईल.” आणि आकडा सांगितला.

आकडा लहान होता. तिथंच मास्तरांचा विश्वास उडाला. ज्या कामाचा भाव ऐकून घाम फुटत नाही ते काम कच्चं, असं त्यांचं ठाम मत होतं.

“याच्या वरचं काय आहे?” त्यांनी विचारलं, जणू कापडाचे तागे उघडायला सांगत होते.

तिनं व्हिनियर समजावून सांगितलं. दाताची पुढची बाजू थोडी घासायची, माप घ्यायचं, लॅबमधून नखासारखा पातळ पापुद्रा करून आणायचा आणि वर चिकटवायचा. या वेळी आकडा मास्तरांच्या पसंतीला उतरेल एवढा मोठा होता. मग तिनं रंगांची पट्टी काढली. एका पट्टीवर ओळीनं दातच दात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. मास्तर खूश. बटणांचं कार्ड ते ओळखतात. त्यांनी वेळ न घालवता सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं.

“हा एकच दात एवढा पांढरा केला तर जुन्या कापडाला नवं ठिगळ लावल्यासारखं दिसेल,” ती म्हणाली. “एक तर बाकीच्यांशी जुळता रंग घ्या, नाही तर पुढचे सहाही करावे लागतील. आणि मी मघाशी सांगितला तो भाव एका दाताचा.”

“एका दाताचा?” मास्तर खुर्चीत उठून बसले. “मी कधी कोटाच्या बाहीगणिक शिलाई घेतली का?”

“कोटाला सहा बाह्या असत्या तर घेतली असतीत, काका.”

मास्तरांनी मनातल्या मनात सहानं गुणलं. त्यांचे डोळे पांढरे झाले. दात होते त्याच रंगाचे राहिले. मग त्यांनी ते सगळं केलं, जे त्यांची गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर करत आली होती. सहा एकदम केले तर काही कमी? माल मी आणून दिला तर? लांबून दिसण्यापुरतंच केलं, आतली बाजू तशीच ठेवली तर? दाताच्या कण्या केल्या, पण डॉक्टरीण काही बधली नाही.

“आतली बाजू आम्ही तशीच ठेवतो, काका. आणि आजचा आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे, हेही ऐकून ठेवा. यात लॅबचं काम आलं, माझं आलं, दोन-तीन फेऱ्या आल्या. हे काम नुसतं दिसण्यासाठीचं, म्हणून विमा यातलं काही देणार नाही. पुन्हा दहा-पंधरा वर्षांनी हे बदलावं लागेल, तेव्हा परत खर्च. आणि मुख्य म्हणजे, एकदा घासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही.”

बाकीचं मास्तरांच्या डोक्यावरून गेलं, पण हे शेवटचं त्यांना झटकन कळलं. कातरलेलं कापड ताग्यात परत जात नाही. “मग आधी ट्रायल दाखवा,” ते म्हणाले. त्यांना वाटलं, आता ही अडचणीत येईल.

“दाखवते की!” ती म्हणाली. “दात न घासता सहाही दातांवर मिळून एक तात्पुरता थर बसवून देते. त्याचा खर्च फार नाही. घरच्यांना दाखवा, आरशात बघा. गुरुवारी या, मी तो काढून टाकेन, मग ठरवू काय करायचं ते. तोवर पुढच्या दातांनी काही चावायचं नाही, तोडायचं नाही. नुसतं हसायचं.”

मास्तर दवाखान्यातून बाहेर पडले ते सहा पांढरे दात घेऊन. दुकानात येऊन तीन बाजूंच्या आरशापुढे हसले, आणि तिन्ही मास्तर एकाहून एक राजबिंडे दिसले. मास्तरीणबाईंनी सुई खाली ठेवली. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “तोंडात दिवा लागला की!”

तिथंच मास्तरांच्या डोक्यात किडा शिरला. ट्रायल म्हणजे कच्ची शिलाई. आता कच्ची शिलाईच एवढी झकास बसली असेल, तर पक्कीचे पैसे भरायचे कुणी सांगितलंय? कच्च्या शिलाईचा कोट कुणी अंगावर घालून गेलं तर बाही रस्त्यात गळून पडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण दातांना काही बाह्या नसतात, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली. खिशाला कात्री न लावता काम साधलं, म्हणून दोन दिवस ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

“गुरुवारी जायचंय तुम्हाला,” मास्तरीणबाईंनी आठवण करून दिली.

“गुरुवार म्हणजे काय लगेच हाच गुरुवार होतो?” मास्तर म्हणाले. ते स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘मंगळवारी या’ असं सांगत. कुठल्या मंगळवारी, ते कधी सांगत नसत, आणि हुशार गिऱ्हाईक पहिले तीन मंगळवार सोडूनच देई. “ती गुरुवार म्हणाली म्हणजे महिनाभर तरी बघायला नको. लवकर गेलो तर बिचारीची पंचाईत होईल.”

“अहो, ती डॉक्टरीण आहे, शिंपी नाही!”

शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. मास्तर चकित झाले. धंदा करणारा माणूस आपण होऊन गिऱ्हाइकाला फोन करतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी हातानं खुणा केल्या आणि मास्तरीणबाईंना ठरलेलं वाक्य म्हणावं लागलं, “मास्तर आत्ताच बाहेर गेलेत.” मग त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात टेपच्या तुकड्यानं एक छोटी कात्री अडकवली. “दोरा हिनं तोडायचा,” त्या म्हणाल्या. “तोंड लावलंत तर बघा.”

आता मास्तर टाचण्या तोंडात न धरता दंडावरच्या उशीत खोचू लागले आणि दारात उभं राहून हसू लागले. पहिल्या आल्या त्या नर्सबाई. त्यांचे गणवेश शिवायला होते. मास्तर त्यांच्याकडे बघून सहाच्या सहा दात दाखवून हसले. नर्सबाई जागच्या जागी थबकल्या आणि धरून धरून स्टुलावर बसल्या.

“जाळलात ना?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“माझा गणवेश. इस्त्रीनं जाळलात. की उलटा कातरलात? सांगून टाका मास्तर, मी रोज वाईट बातम्या ऐकते.”

झालं होतं असं की, मास्तरांना या जन्मी गिऱ्हाइकांनी जे काही थोडंफार हसताना पाहिलं होतं, ते कापड बिघडल्यावरच. एरवी टाचण्या, आठ्या आणि ‘हं’. कुणाचा गळा एक बोट जास्त खोल गेला, कुणाच्या पँटचे दोन्ही पाय एकाच बाजूचे निघाले, की मास्तर टाचण्या काढून ठेवत आणि गोड हसून “बसा ना, पाणी घेता?” असं म्हणत. ते हसू म्हणजे धोक्याची घंटा, हे पंचक्रोशीत माहीत होतं. फक्त मास्तरांनाच माहीत नव्हतं.

“अहो, काही बिघडलेलं नाही,” मास्तर म्हणाले, आणि त्यांना धीर यावा म्हणून आणखी हसले. “बसा ना. पाणी घेता?”

नर्सबाईंनी अर्धवट शिवलेले गणवेश उचलले आणि तडक बाहेर पडल्या. पाठोपाठ बसड्रायव्हर पँट न्यायला आले. त्यांनी मास्तरांचं हसू पाहिलं आणि पँट घालून आरशापुढे उठाबशाच काढायला लागले. कुठं उसवते ते सापडेना, म्हणून त्यांचा संशय जास्तच वाढला. संध्याकाळपर्यंत आणखी दोघे कापड परत घेऊन गेले. रस्त्यापलीकडून हसऱ्यानं हात केला. मास्तरांनी त्याच्याकडे दात-ओठ खाऊन बघायचं ठरवलं, पण दातांनी काही खायची परवानगी नव्हती.

“हसणं बंद करा,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “नाही तर दुकान बंद करावं लागेल.”

मास्तर आत जाऊन मशीनवर बसले. आता त्यांना खरंच रडू येत होतं. इतका खटाटोप केला तो वकीलसाहेबांसाठी, आणि होती नव्हती ती गिऱ्हाइकंही पळाली.

आणि दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब दारात उभे.

हातात तीच पिशवी. नजर जमिनीवर. “मास्तर,” ते म्हणाले, “जरा बाही कमी करून हवी होती.” पिशवीतून तयार कोट निघाला. अंगात घातल्यावर दोन्ही बाह्यांतून फक्त बोटांची नखं दिसत होती. एवढा मोठा वकील धाकट्या भावानं थोरल्याचा कोट ढापावा तसा दिसत होता. मास्तरांना त्यांची दया आली, आणि दयेपेक्षाही आनंद झाला. माणूस परत आला! हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंड आपलं आपणच पसरलं.

वकीलसाहेब एक पाऊल मागे सरकले. “मास्तर, मी अजून कोट तुमच्या हातातसुद्धा दिला नाही. इतक्यात काय बिघडवलंत?”

“काही नाही, काही नाही. बसा,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. पाणी विचारायचं मोठ्या कष्टानं टाळलं. दोन्ही बाह्या उसवल्या, दुमडल्या, आणि कधी नव्हे ते गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना काम करायला घेतलं. हात असा चालला की बघत राहावं. जीव ओतून एकेक टाका घातला. हे काम असं झालं पाहिजे की यांनी पुन्हा रस्ता ओलांडता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. शेवटचा टाका पडला, गाठ मारली, आणि त्या आनंदात मास्तर गळ्यातली कात्री विसरले. मान सवयीनं खाली गेली.

‘टक्’ झालं नाही. ‘कटाक्’ झालं.

मास्तरांनी मान वर केली. दात वर आले नाहीत. काळ्या बाहीवर, दोऱ्याला लटकून, सहा पांढरे शुभ्र दात एका ओळीत हसत होते.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “ही बटणं मी सांगितली नव्हती.”

आतल्या खोलीतून आधी एक फिस्सकन आवाज आला, आणि मग मास्तरीणबाई पोट धरून बाहेरच आल्या. वकीलसाहेब हसता हसता स्टुलावरून कलंडले. मास्तर मात्र तोंडावर हात ठेवून उभे होते. हसू थांबल्यावर त्यांनी हात काढला आणि खाच दाखवत सगळं सांगून टाकलं: डॉक्टरीण, सहाचा गुणाकार, कच्ची शिलाई. “त्या पोराच्या दातांना भुलून तुम्ही गेलात, साहेब. मला फार लागलं ते.”

“कुठल्या पोराच्या?” वकीलसाहेबांनी विचारलं. “मी त्याचं तोंडही बघितलं नाही! माझी सोमवारी मोठी सुनावणी होती. जुन्या कोटाचं कोपर फाटलं होतं. तुमच्याकडे कापड टाकलं असतं, तर तुम्ही आपले मंगळवारी, मंगळवारी करत बसला असतात. त्यानं कोट दिला आणि मी पैसे दिले. बसला नाही तो नाही, पण सोमवारी अंगावर होता. तारखा देणं हा आमच्याकडचा धंदा आहे, मास्तर. तुम्ही कशाला त्यात पडता?”

वकीलसाहेबांनी बाहीवरचे दात सोडवून त्यांच्या हातावर ठेवले, कोट अंगात घातला आणि ते गेले. जाताना ‘येतो’ म्हणाले, पण ते नुसतं म्हणायचं म्हणून की खरंच, ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी बटणांच्या डबीत दात घालून मास्तर दवाखान्यात गेले. “गुरुवार म्हणजे गुरुवारच असतो हो, काका,” डॉक्टरीण म्हणाली. “आता सांगा, सहा करायचे का?”

“खाच तेवढी भरा,” मास्तर म्हणाले.

काम एका बैठकीत झालं. आकडा पहिल्या दिवशी सांगितला तोच निघाला. वर अस्तराचे वेगळे, बटणांचे वेगळे, घाईचे वेगळे, असं काहीच नाही. मास्तर थोडा वेळ पैशाच्या टेबलापाशी रेंगाळलेसुद्धा, काही राहिलं असेल म्हणून. “एकच सांगते,” ती म्हणाली, “पुन्हा दोरा तोडलात तर हे निघणार, आणि दर वेळी हाच आकडा द्यावा लागणार.” घरी येताना मास्तर आपण दिवसाला किती दोरे तोडतो याचा हिशेब करत होते. कोपऱ्यावर येईपर्यंत त्या हिशेबात दुकान विकलं गेलं होतं. दात स्वस्तात झाला होता. महाग होती ती सवय. त्या दिवसापासून गळ्यातली कात्री त्यांनी झोपतानाच काढली.

आठवडा गेला. वकीलसाहेब आले नाहीत. मास्तर आता समोरच्या दुकानाकडे बघत नव्हते, आपल्या दाराकडे बघत होते. मग एका दुपारी वकीलसाहेब आले. काखेत नवं काळं कापड होतं. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, “कधी देता?”

आत मास्तरीणबाईंची सुई थांबली. मास्तरांच्या जिभेवर ‘मंगळ’ आलाच होता. त्यांनी तो गिळला.

“सव्वा महिना लागेल,” ते म्हणाले. “दीडच धरा.”

“दीड महिना?”

“आधीही तेवढाच लागायचा, साहेब.”

“मग इतकी वर्षं मला मंगळवारी का बोलवत होतात?”

मास्तरांनी कापडाच्या काठावरून बोट फिरवलं. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे लपायला जागाच नव्हती. “खरं सांगितलं असतं, तर तुम्ही कापड उचलून निघून गेला असतात,” ते म्हणाले. “भीती वाटायची.”

वकीलसाहेबांनी कापड उचललं. मास्तरांनी काठावरचं बोट बाजूला घेतलं. वकीलसाहेबांनी ते नीट घडी करून मास्तरांच्या हातात दिलं, अंगातला कोट काढून स्टुलावर ठेवला आणि दोन्ही हात पसरून ते आरशासमोर उभे राहिले.

“घ्या माप,” ते म्हणाले. “कोर्टाला मी सांगतो थांबायला.”